उजेडाच्या चिमटीतला थेंब

एक कोडं घालते. पाण्याचा एक थेंब हवेत अधांतरी धरून ठेवायचा आहे. त्याला बोट लावायचं नाही, चमच्यात घ्यायचा नाही, काचेवर ठेवायचा नाही. थेंब आहे धुक्यातला, म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही लहान. आणि एक-दोन क्षण नव्हे, चांगला तासभर तो तिथंच राहिला पाहिजे. कशानं धराल?

माझ्या वर्गात हे कोडं घातलं तेव्हा नाना उत्तरं आली. कोणी म्हणालं चुंबकानं, कोणी म्हणालं फुंकरीनं. एक जण म्हणाला, "बाई, कोळ्याच्या जाळ्यानं!" हे उत्तर मला फार आवडलं, कारण आमच्याकडं पहाटे कुंपणावरच्या जाळ्यांत असे थेंब खरोखरच ओवलेले असतात. पण जाळ्याला थेंब चिकटतो आणि चिकटला की त्याचा आकार बदलतो, म्हणून ते उत्तर बाद. फुंकरीचं उत्तर मात्र अगदी जवळ आलं होतं. खरं उत्तर ऐकून सगळा वर्ग हसला. खरं उत्तर आहे, उजेडानं.

आमचं लोटे गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. चिपळूणहून परशुराम घाट चढून आलात की आमची हद्द लागते. इथं रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आहे. त्यामुळं हवेतले थेंब हा आमच्या रोजच्या जगण्याचा विषय. पावसाळ्यात घाटात ढग रस्त्यावर उतरतो आणि एसटीचा ड्रायव्हर भर दुपारी दिवे लावतो. हिवाळ्यात सकाळी शाळेच्या मैदानावर धुकं बसतं. काही दिवशी त्या धुक्याला वास असतो, नाक चुरचुरतं.

माझ्या वर्गात चौथीला एक मुलगा आहे. नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. त्याला दमा आहे. जास्त झालं की त्याची आई त्याला दवाखान्यात नेते आणि तिथं त्याच्या तोंडावर तो प्लॅस्टिकचा मुखवटा लावून नेब्युलायझरनं औषध देतात. यंत्र घर्र आवाज करतं, औषधाचं पांढरं धुकं बाहेर येतं आणि तो ते ओढत राहतो. एकदा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता तो म्हणाला, "बाई, मशीनचं धुकं आत जातं म्हणून मला बरं वाटतं. मग बाहेरचं धुकं आत गेलं की का बरं वाटत नाही? दोन्ही पांढरंच असतं की."

मी डी.एड. झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण असला प्रश्न कुठल्या परीक्षेत आला नव्हता. त्याच्या मागं लागून मी जे वाचलं, ते तुम्हाला सांगते आहे.

आधी थेंबाचं माप घेऊ. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. धुक्यातला किंवा ढगातला थेंब १० ते २० मायक्रॉनचा. पावसाचा बऱ्यापैकी थेंब २ मिलिमीटरचा, म्हणजे २००० मायक्रॉनचा. आता गंमत पाहा. २० मायक्रॉनच्या थेंबापेक्षा पावसाचा थेंब शंभर पट रुंद, शंभर पट लांब आणि शंभर पट उंच. शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर करा. दहा लाख! ढगातले दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो. म्हणून ढग दिसला की लगेच पाऊस पडत नाही. २० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम सव्वा सेंटिमीटर खाली येतो. खालून जराशी हवा वर आली की पुन्हा वर.

एवढ्याशा थेंबाचं वजन किती? १० मायक्रॉनचा थेंब घेतला, तर एक ग्रॅम पाण्यात असे जवळजवळ दोनशे कोटी थेंब मावतील. असा थेंब उचलायला बळही तितकंच नाजूक लागणार. आणि असं नाजूक बळ उजेडात असतं.

उजेड ढकलतो. खरंच ढकलतो! आपल्याला कळत नाही इतकंच. भर उन्हात एक चौरस मीटरचा आरसा सूर्यासमोर धरला तर उजेड त्याला जेवढ्या बळानं ढकलतो, ते बळ एक मिलिग्रॅम वजनाएवढंही भरत नाही. तांदळाचा एक दाणा वीसेक मिलिग्रॅमचा असतो, त्यावरून कल्पना करा. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या उलट बाजूला का असते, असा प्रश्न केप्लरला चारशे वर्षांपूर्वी पडला होता आणि सूर्याचे किरणच तिला ढकलत असावेत असं त्यानं सुचवलं होतं. धुळीच्या शेपटीपुरतं ते बरोबर निघालं. आपल्या आईबाबांना विचारा, १९९७ साली हेल-बॉप नावाचा धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी कित्येक आठवडे दिसत होता. त्याची ती पिवळसर पांढरी पसरट शेपटी उजेडानंच झाडलेली होती. पुढं मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं उजेडाच्या दाबाचं गणित मांडलं आणि १९०१ साली रशियातल्या लेबेदेव यांनी तो दाब प्रयोगशाळेत मोजून दाखवला.

पण सूर्याचा उजेड सगळीकडं पसरलेला. एका थेंबावर तो किती पडणार? १९६० साली लेसर आला आणि चित्र बदललं. लेसरचा किरण फाकत नाही. भिंगातून नेला तर तो सुईच्या टोकाहूनही लहान जागेत गोळा करता येतो.

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये बेल लॅबोरेटरीज या प्रयोगशाळेत आर्थर अ‍ॅशकिन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या मनात आलं, या गोळा केलेल्या उजेडानं एखादा बारीक कण ढकलता येईल का? त्यांनी पाण्यात अगदी बारीक पारदर्शक मणी सोडले आणि त्यांच्यावर लेसर टाकला. मणी ढकलले गेले, हे अपेक्षितच होतं. पण आणखी एक गोष्ट झाली जी अपेक्षित नव्हती. किरणाच्या कडेला असलेले मणी आपोआप किरणाच्या मध्यावर ओढले गेले. ढकलणारा उजेड ओढूनही घेत होता! हे १९७० सालचं.

असं का होतं? आमच्या दाभोळच्या खाडीत होडीतून धक्क्यावर उडी मारली की होडी मागं सरकते, हे कोकणातल्या पोरांना सांगावं लागत नाही. तुम्ही पुढं, होडी मागं. थेंबाचंही तसंच आहे. थेंब म्हणजे एक भिंगच. त्याच्यातून उजेड गेला की तो वाकतो. उजेड डावीकडं वाकला, तर थेंबाला उजवीकडं धक्का बसतो. आता लेसरचा किरण मध्यभागी जास्त तेजस्वी आणि कडेला मंद असतो. समजा थेंब किरणाच्या मध्यापासून जरासा डावीकडं घसरला. मग त्याच्या उजव्या भागातून जास्त उजेड जाईल. हा उजेड थेंबातून जाताना डावीकडं वाकेल, आणि थेंब उजवीकडं, म्हणजे पुन्हा मध्याकडं, ढकलला जाईल. उजवीकडं घसरला तर याच्या उलट. थेंब जाईल तिकडून त्याला परत आणणारा हा अदृश्य खड्डा आहे. वाटीत सोडलेली गोटी तळाशीच येऊन थांबते ना, तसा.

याचा भाऊ शोभेल असा एक खेळ तुम्ही घरी करू शकता. वाकवता येईल अशी स्ट्रॉ घ्या, तिचं तोंड वर करा, त्यावर थर्माकोलची हलकी गोळी ठेवा आणि एकसारखी फुंकर मारा. गोळी वर तरंगते, आणि डुगडुगली तरी फुंकरीच्या मध्यावरच राहते. आमच्या वर्गातला विक्रम आहे अठरा सेकंदांचा. फुंकर म्हणणारा माझा विद्यार्थी उत्तराच्या जवळ होता असं म्हटलं, ते यासाठी.

१९७१ साली अ‍ॅशकिन आणि त्यांचे सहकारी जोसेफ झिएजिक यांनी काचेचा एक सूक्ष्म गोल खालून येणाऱ्या लेसरवर हवेत तरंगवला. १९७५ साली त्यांनी द्रवाचे थेंब तसेच तरंगवले, १ मायक्रॉनपासून ४० मायक्रॉनपर्यंतचे. म्हणजे ढगातल्या थेंबांच्या मापाचेच की! १९८६ मध्ये त्यांनी स्टीव्हन चू वगैरे सहकाऱ्यांबरोबर एकाच किरणाचा पक्का चिमटा तयार केला. भिंगानं किरण इतका आवळायचा की कण पुढंही सरकू नये. याला आपण प्रकाशचिमटा म्हणू. पुढच्याच वर्षी त्या चिमट्यात जिवंत जिवाणू धरले. आधी हिरव्या उजेडात ते मेले, मग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडात धरले तर जगले, आणि चिमट्यात असतानाच एकाचे दोन झाले.

या कामाला नोबेल पारितोषिक मिळालं ते २०१८ साली. त्या वेळी अ‍ॅशकिन ९६ वर्षांचे होते. तोपर्यंत इतक्या वयात कुणालाच नोबेल मिळालं नव्हतं. निवृत्त झाल्यावरही ते घराच्या तळघरात प्रयोग करत बसायचे. २०२० मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी ते गेले.

आता तुम्ही म्हणाल, लेसरनं थेंब उकळून उडून जाणार नाही का? माझ्या वर्गातल्या एका मुलीनं हेच विचारलं आणि मला आनंद झाला. हिरवा उजेड पाण्यातून जवळजवळ सगळा आरपार जातो, पाणी तो फारसा शोषत नाही. म्हणून थेंब तापत नाही. शिवाय लागणारा उजेडही थोडाच, काही मिलिवॅट ते काही दशक मिलिवॅट. घरातल्या नऊ वॅटच्या बल्बचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही. खरी अडचण वेगळीच असते. शुद्ध पाण्याचा एवढासा थेंब कोरड्या हवेत क्षणात सुकतो. म्हणून शास्त्रज्ञ पाण्यात मीठ घालतात आणि भोवतालची हवा दमट ठेवतात. मिठाला पाणी सुटतं हे तुमच्या आईला विचारा. पावसाळ्यात आमच्याकडं मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात तरी मीठ ओलं होतंच. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि धरून ठेवतं. म्हणून खारा थेंब चिमट्यात तासन् तास राहतो.

आणि चिमट्यात थेंब येतो कसा? बोटानं तर ठेवता येत नाही. मिठाच्या पाण्याचं बारीक धुकं करून ते एका छोट्या काचेच्या डबीत सोडतात. त्यातले एक-दोन थेंब तरंगत तरंगत लेसरच्या बिंदूपाशी येतात आणि चटकन अडकतात. हे धुकं करायला बरेचदा काय वापरतात, माहीत आहे? नेब्युलायझर! आमच्या त्या मुलाच्या तोंडाला लावतात त्याच जातीचं यंत्र. हे त्याला सांगितलं तेव्हा तो इतका खूष झाला की त्या दिवशी त्यानं स्वतःहून सगळ्यांना सांगितलं, "मशीन माझ्याकडं पण असतं."

थेंब धरला, आता त्याला विचारायचं काय आणि तो सांगणार कसा?

इथं आपले सर चंद्रशेखर वेंकट रामन येतात. २८ फेब्रुवारी आपण विज्ञान दिन म्हणून साजरा करतो, तो त्यांच्या १९२८ च्या शोधासाठी. पदार्थावर एका रंगाचा उजेड टाकला की परत येणाऱ्या उजेडात अगदी थोडा भाग बदललेल्या रंगाचा असतो, आणि तो बदल प्रत्येक पदार्थाचा वेगळा असतो. जणू अंगठ्याचा ठसा. चिमट्यातल्या थेंबाचा असा ठसा घेतला की त्यात काय काय आहे ते थेंबाला हात न लावता कळतं.

मापाची गोष्ट तर याहून मजेची. तुमच्यापैकी कोणी सहलीला विजापूरला गेलं असेल तर गोलघुमटात एका भिंतीपाशी कुजबुजलेलं पार पलीकडच्या भिंतीपाशी ऐकलं असेल. आवाज गोल भिंतीला धरून सरकत जातो. १९२१ साली रामन लंडनला गेले असता तिथल्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटात त्यांनी याच कुजबुजीचा अभ्यास केला होता. थेंब हाही एक इवलासा घुमटच. त्याच्या आतल्या कडेला धरून उजेड गोल गोल फिरतो, आणि जो रंग त्या गोलात नेमका बसतो तो जास्त झळकतो. कोणते रंग झळकले त्यावरून थेंबाचा व्यास काढतात, आणि तोसुद्धा मायक्रॉनच्या हजाराव्या भागापर्यंत! थेंब थोडा सुकला, थोडा फुगला, तरी लगेच समजतं.

आता काय काय कळलं ते सांगते, सगळं नाही, मला आवडलेलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात जोनाथन रीड आणि त्यांचे सहकारी अशा थेंबांवर काम करतात. त्यांनी साखरेच्या पाण्याचे दोन थेंब दोन चिमट्यांत शेजारी शेजारी धरले आणि एकमेकांना भिडवले. हवा दमट असताना ते चटकन एक झाले, थरथरले आणि गोल झाले. हवा कोरडी करत नेली तसा पाक घट्ट होत गेला. लाडू करताना आई कसा पाक बघते, एकतारी, दोनतारी, मग गोळीबंद, तसाच. शेवटी शेवटी दोन थेंब भिडूनही एक व्हायला फारच वेळ लागू लागला. थेंब द्रव राहिला नव्हता, काच झाला होता. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. हवेत तरंगणारा कण ओला आहे की कडक आहे, यावर तो आत काय शोषून घेईल हे ठरतं. म्हणून या पाकाच्या खेळाला किंमत आहे.

दुसरा प्रयोग २००४ सालचा, तोही इंग्लंडमधला. समुद्राच्या पाण्याचा थेंब चिमट्यात धरला, त्यात ओलिक आम्ल हे तेलकट द्रव्य होतं. हे शेंगदाण्याच्या तेलात असतं, भजी तळताना जो धूर निघतो त्यातूनही हवेत जातं. मग थेंबावर ओझोन वायू सोडला. रामनच्या ठशांवरून दिसलं की तेलाचे तुकडे पडताहेत, नवी द्रव्यं तयार होताहेत, आणि थेंब फुगतो आहे. म्हणजे हवेतला थेंब नुसता तरंगत नाही. तो एक छोटं भांडं आहे आणि त्यात सतत काहीतरी शिजत असतं.

इथं आमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर सापडायला लागतं. दोन्ही धुकी पांढरी असतात कारण दोन्हींचे थेंब उजेड विखुरतात. पण थेंबाचं माप आणि थेंबातलं द्रव्य वेगळं. औषधाचं यंत्र बहुतेक थेंब १ ते ५ मायक्रॉनचे करतं, मुद्दाम. १० मायक्रॉनहून मोठा थेंब नाकात, घशातच आपटतो. ५ मायक्रॉनच्या खालचा फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत पोचतो. बाहेरच्या धुक्यातले बरेच थेंब मोठे, ते नाकातच अडतात. मग भ्यायचं कशाला? तर थेंब सुकतो. सकाळी ऊन आलं की पाणी उडून जातं आणि थेंबानं रात्रभर हवेतून जे शोषलेलं असतं ते एका लहानशा कणात गोळा होऊन हवेतच राहतं. हा कण लहान असतो, तो खोल जातो. गंधकाचा धूर धुक्याच्या थेंबात विरघळला तर थेंब आंबट होतो. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये कोळशाचा धूर आणि धुकं पाच दिवस एकत्र कोंडलं, त्यात हजारो माणसं दगावली. त्या धुक्यातले थेंब असेच गंधकाच्या आम्लानं आंबट झाले होते.

मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याला सांगितलं, "मशीनच्या थेंबात औषध आहे, बाहेरच्या थेंबात त्यानं हवेतून काय उचललं असेल ते असतं." तो म्हणाला, "म्हणजे थेंब पण फडकं आहे." हे मला सुचलं नसतं. तेव्हापासून धुक्याला वास असेल त्या सकाळी आमची कवायत मैदानाऐवजी वर्गात होते, बाकं भिंतीला लावून. पालकांनो, तुमच्या घरी दम्याचं मूल असेल तर तुम्हीही धुकं विरून हवा मोकळी होईपर्यंत त्याला बाहेर पळायला लावू नका आणि डॉक्टरांनी दिलेला पंप दप्तरात ठेवायला विसरू नका. पंप वापरायला मुलं लाजतात. त्यांना लेसरची गोष्ट सांगा, आमच्याकडं तिचा उपयोग झाला.

आता महाराष्ट्रात या थेंबांवर कोण काम करतं? आमच्या पूर्वेला सह्याद्री आहे आणि त्यावर महाबळेश्वर, लोट्याहून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. आमच्या डोक्यावरून जाणारे ढग डोंगर चढून तिकडं पोचतात. तिथं सुमारे १३५० मीटर उंचीवर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१२ मध्ये ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली. पावसाळ्यात ती प्रयोगशाळाच ढगात बुडलेली असते, ढगाकडं जावंच लागत नाही! याच संस्थेनं २००९ पासून विमानं ढगांत पाठवून थेंब मोजले. विमानाच्या पंखाखाली एक उपकरण असतं, त्यात लेसरचा किरण आडवा सोडलेला असतो. थेंब त्यातून सूंकन जातो, उजेड विखुरतो, आणि किती विखुरला यावरून थेंबाचं माप कळतं. इथं लेसर थेंबाला धरत नाही, फक्त जाता जाता ओळखतो. प्रयोगशाळेत एक थेंब धरून त्याचा स्वभाव शिकायचा, आणि ढगात लाखो थेंब मोजायचे, दोन्ही लागतं.

हे सगळं कशाला, असं वाटत असेल तर चिपळूणच्या मुलांना विचारा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यातल्या काही भागांत अख्ख्या पावसाळ्यातसुद्धा याहून फार जास्त पडत नाही. ढगातले थेंब किती लवकर एकमेकांना भिडून मोठे होतात, यावर पाऊस कुठं आणि किती कोसळणार हे ठरतं. हवेत धूळ आणि धूर जास्त असेल तर थेंब पुष्कळ होतात पण लहान राहतात आणि भिडायला वेळ लागतो. संगणकात पावसाचा अंदाज करताना हे थेंबांचं वागणं गणितात घालावं लागतं, आणि तिथंच अंदाज अडखळतो.

प्रकाशचिमटे मुंबईतही आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २००४ साली रक्तातल्या तांबड्या पेशी चिमट्यात धरल्या. निरोगी पेशी स्थिर राहिली, हिवतापाचा जंतू शिरलेली मात्र गरगर फिरू लागली! तिथंच रूप मल्लिक यांनी आपल्या पेशींमध्ये ओझी वाहून नेणाऱ्या रेणूंचं बळ चिमट्यानं मोजलं. त्यांना या कामासाठी २०१८ चं इन्फोसिस पारितोषिक मिळालं. त्यांच्या कामावर एक वेगळा लेख होईल. इथं आपण थेंबांतच राहू.

एक बजावून सांगते. जत्रेत मिळणारा लेसरचा दिवा कुणाच्याही डोळ्यावर मारायचा नाही, स्वतःच्या तर नाहीच. तो उजेड डोळ्याच्या भिंगानं आणखी आवळला जातो आणि पडद्यावर डाग पडतो, तो जन्मभर जात नाही. त्यानं थेंबही पकडता येत नाही, चांगलं भिंग आणि बंद डबी लागते.

पावसाचा थेंब पकडायला मात्र लेसर लागत नाही, पीठ लागतं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये विल्सन बेंटले नावाचा शेतकरी होता. हिमकणांचे फोटो काढण्यासाठी तो प्रसिद्ध. त्यानं पावसाचे थेंब मोजण्याची युक्ती काढली आणि १९०४ साली ती छापली. ताटात दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा चाळलेला मैदा पसरायचा, पावसात चार-पाच सेकंद धरायचा आणि आत आणायचा. प्रत्येक थेंबाची एक गोळी होते. ती वाळू द्यायची, मग चाळायचं आणि पट्टीनं मोजायचं. आम्ही गेल्या जुलैत केलं. त्या मुलाला पावसात जायचं नव्हतं म्हणून तो व्हरांड्यात घड्याळ धरून सेकंद मोजायला उभा राहिला आणि गोळ्या मोजायचं कामही त्यानंच घेतलं. रिपरिप पावसात बारीक गोळ्या पुष्कळ, सरीत मोठ्या पण थोड्या. सर्वांत मोठी सव्वाचार मिलिमीटरची भरली. ती तारीख घालून काडेपेटीत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मुंग्यांनी नेलेली. या पावसाळ्यात झाकणाची बरणी आणली आहे.